अबू उमैर (रजि.) यांचे पाखरू

सर्व प्रशंसा अल्लाहसाठी, ज्याने लहानमोठ्या प्रत्येक जिवाची निर्मिती केली आणि प्रत्येकाची मुदत ठरवून दिली. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांच्या करुणेच्या छायेत माणसांबरोबर मुक्या जनावरांनाही आसरा मिळाला.



मागील महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीत थांबले. सोबत त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. मुलाने घरी लव्हबर्डची एक जोडी पाळली होती. त्यातील एक पक्षी एके दिवशी पंख फुगवून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहिला आणि दाणा टिपेनासा झाला. दुसऱ्या दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, पाण्यातून देण्यासाठी औषधाचे थेंब दिले. परंतु नेमके काय झाले आहे हे त्यांनाही सांगता आले नाही. तिसऱ्या दिवशी फज्रच्या वेळी मुलगा उठला तेव्हा पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडलेला होता.

"आठवडा झाला, मुलगा नीट जेवत नाही," वडील सांगत होते. "आमची दादी म्हणते, घरावरची बला पाखरावर गेली, शुक्र करा. माझा भाऊ म्हणतो, एका पाखरासाठी मर्द कधी रडतो का? आणि मला तर काय बोलावे तेच सुचत नाही."

मुलाला जवळ बसवून घेतले. बराच वेळ तो चटईचे धागे उपसत राहिला. मग त्याने एकापाठोपाठ एक तीन प्रश्न विचारले. त्या रात्री पिंजऱ्यावर कापड टाकायचे माझ्याकडून राहून गेले होते, म्हणून तो मेला का? मी पाचही नमाजांनंतर दुआ केली होती, ती अल्लाहने ऐकली नाही का? तो जन्नतमध्ये जाईल का?

हे प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प झालो, कारण हेच प्रश्न मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. तरुण मुलगा चार दिवसांच्या तापाने गेला आणि अहवालांच्या चळतीतूनही कारण हाती लागले नाही, अशा घरात सांत्वनासाठी गेलो असता आईवडील हेच विचारत होते. आमच्या हातून काय राहिले? इतक्या दुआ मागितल्या, त्यांचे काय झाले? तो आता कुठे असेल? मृत्यूची पहिली ओळख बहुधा लहान वयात, एखाद्या मांजराच्या, कोंबडीच्या किंवा पाखराच्या रूपाने होते. त्या वेळी घरातील वडीलधारी मंडळी जे बोलतात ते मुलाच्या मनात खोल रुजते, आणि पुढे खरे संकट कोसळते तेव्हा तेच वर येते. म्हणून या विषयाला क्षुल्लक समजू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.

मदीना शहरात अबू तलहा (रजि.) आणि उम्मे सुलैम (रजि.) या दांपत्याचे घर होते. उम्मे सुलैम (रजि.) या प्रेषितांचे सेवक अनस (रजि.) यांच्या मातोश्री. अबू तलहा (रजि.) यांच्यापासून त्यांना एक मुलगा झाला होता, त्याचे टोपणनाव अबू उमैर. या बालकाने एक चिमुकले पाखरू पाळले होते आणि तो त्याच्याशी खेळत असे. प्रेषित (स.) या घरी येत, चटईवर नमाज अदा करीत आणि या बालकाशी थट्टाविनोदही करीत. एके दिवशी ते आले तेव्हा बालक उदास बसलेला दिसला. याला काय झाले, असे त्यांनी घरच्यांना विचारले. त्याचे पाखरू मेले, असे उत्तर मिळाले. तेव्हा प्रेषितांनी बालकाला त्याच्या टोपणनावाने हाक मारली आणि तुझ्या छोट्याशा पाखराचे काय झाले, अशी त्याच्याकडेच विचारपूस केली. मूळ अरबीत त्या पाखराला नुगर म्हणत. प्रेषितांनी लाडाने त्याला 'नुगैर' म्हटले, त्यामुळे उमैर आणि नुगैर असे यमक साधले आणि तो प्रश्न लहान मुलाच्या कानाला गोड लागेल असा झाला. सहीह बुखारी, सहीह मुस्लिम आणि सुनन अबू दाऊद या ग्रंथांत ही हदीस आली आहे. पाखराच्या मृत्यूचा आणि बालकाच्या उदासपणाचा तपशील अबू दाऊद यांच्या कथनात आहे.

या प्रसंगात प्रेषितांनी काय काय केले ते सावकाश पाहावे. अबू उमैर म्हणजे उमैरचे वडील. नुकतेच दूध सुटलेल्या मुलाला त्यांनी एखाद्या प्रौढाला द्यावा तसा मान दिला. पाखरू मेले हे त्यांना आधीच कळले होते, तरीही त्यांनी मुलालाच विचारले, म्हणजे मुलाला स्वतःच्या तोंडाने दुःख सांगण्याची संधी दिली. रडू नकोस, दुसरे आणून देऊ, असे ते म्हणाल्याचा उल्लेख कोठेही नाही. आपल्याकडे तर मूल रडू लागताच बाजारातून दुसरा पक्षी आणण्याची घाई होते. मेलेल्या जिवाला जणू किंमतच नव्हती, असा धडा मुलाला त्यातून मिळतो.

पूर्वी काही लोक अशा हदीसींवरून हदीसवेत्त्यांची चेष्टा करीत असत, की पाखराच्या गोष्टी सांगण्यात यांचा वेळ जातो. हिजरी सन 335 मध्ये निधन पावलेले शाफई विद्वान इब्नुल कास यांनी त्याला उत्तर म्हणून या एकाच हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्यातून साठ बोध काढून दाखविले. दाणापाणी नीट दिले जात असेल आणि छळ होत नसेल तर मुलाने खेळण्यासाठी पक्षी पाळणे वैध आहे, हा नियमही विद्वानांनी याच हदीसवरून काढला आहे. (जाता जाता एक सांगून ठेवतो. आपल्या देशात रानातून पकडलेले पोपट आणि मुनिया पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे हौस असली तरी ते घरी आणू नयेत. काही घरांत आता पाली आणि सरडेही पाळले जातात. पालीविषयी हदीसमध्ये वेगळा आदेश आहे, म्हणून तो प्रश्न जाणकार आलिमांना विचारावा. मात्र मूल रडत असताना त्याला मसला ऐकवत बसू नये. मसला चार दिवसांनी सांगता येतो.)

आता चाचांच्या बोलण्याकडे वळू. मर्द रडत नाही, हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. ते कोठून आले कोण जाणे, सुन्नतमधून मात्र खचित आलेले नाही. हिजरी सन 10 मध्ये प्रेषितांचे तान्हे पुत्र इब्राहीम यांनी त्यांच्या मांडीवर प्राण सोडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, की आपणही? प्रेषितांनी त्या अश्रूंना दया म्हटले. डोळे पाझरतात, अंतःकरण दुःखी होते, पण जिभेवर पालनकर्त्याला अप्रिय असे काही येऊ देत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मर्यादा आक्रोश, छाती पिटणे आणि तक्रार यांना आहे, अश्रूंना नाही. पुत्रशोक आणि पाखराचा शोक एक नव्हे, हे खरे. परंतु नऊ वर्षांच्या मुलाजवळ दुःख मोजण्याचे दुसरे माप नसते.

त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. प्रेषितांच्या पुत्राच्या निधनामुळे सूर्य झाकोळला, असे लोक बोलू लागले. एखाद्या ढोंगी माणसाने ही संधी सोडली नसती. प्रेषितांनी, त्या शोकाच्या दिवशीदेखील, लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. कारण माहीत नसलेल्या ठिकाणी मनाने कारण रचू नये, ही शिकवण त्यात आहे.

दादींची बला हीही अशीच रचलेली गोष्ट आहे. जनावर मेले म्हणजे घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे आणि ती प्रेमापोटीच बोलली जाते. दादींचा हेतू नातवाचे सांत्वन करण्याचा होता, यात मला शंका नाही. पण कुरआन किंवा सहीह हदीसमध्ये तिला कसलाही आधार नाही. शिवाय मुलाच्या मनात तिचा काय अर्थ होतो, याचा विचार करावा. माझ्या वाट्याचे मरण माझ्या पाखराला आले, असे त्याला वाटते. एवढे ओझे कोणत्या लहान मुलाला पेलेल? वडीलधाऱ्यांशी अदबीनेच बोलावे, त्यांना चारचौघांत खोटे पाडू नये. तरीही घरात ही समजूत पुढे चालू देऊ नये. नजर लागल्याचेही असेच आहे. नजर लागणे सत्य असल्याचे सहीह हदीसमध्ये आहे आणि तिच्यापासून अल्लाहचा आश्रय मागावा, हेही आहे. मात्र त्या आधारावर शेजारणीचे नाव घेणे हा दुराग्रही संशय झाला, आणि सूरह अल-हुजुरातमध्ये (49:12) बहुतेक संशयांपासून दूर राहण्याची ताकीद आहे.

मुलाचा पहिला प्रश्न कापडाचा होता. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण जनावरांच्या बाबतीत निष्काळजीपणा खरोखरच गुन्हा ठरतो. मांजर कोंडून ठेवून तिला खायला न घालणारी आणि तिला स्वतःचे अन्न शोधायलाही न सोडणारी स्त्री त्या कारणाने नरकाग्नीत गेली, असे बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. एका अन्सारी सहाबींच्या बागेतील उंटाने प्रेषितांना पाहून टाहो फोडला, तेव्हा त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवून त्याला शांत केले आणि त्याच्या मालकाला विचारले की या मुक्या जिवाच्या बाबतीत तुला अल्लाहचे भय वाटत नाही का. तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, अशी त्याची तक्रार आहे. तेव्हा पाखरू मेले तर मेले, असे म्हणून हात झटकण्याची मुभा श्रद्धावंताला नाही. जो जीव आपण आपल्या दारात कोंडला, त्याच्या अन्नपाण्याचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

पण या मुलाने काय कुचराई केली होती? दाणा वेळेवर होता, पाणी रोज बदलले जात होते, आजार दिसताच वडिलांकरवी उपचार झाले. पक्ष्यांचा स्वभाव असा की ते आपले आजारपण लपवतात. रानात दुबळा दिसणारा पक्षी प्रथम शिकार होतो, म्हणून बळ असेपर्यंत तो निरोगी असल्यासारखाच वागतो. आपल्याला तो आजारी दिसतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. ही माहिती मी मुलाला दिली, तेव्हा त्याने प्रथमच मान वर केली. उपचार करावा, अल्लाहने उपायाशिवाय कोणताही आजार उतरविलेला नाही, अशी प्रेषितांची शिकवण आहे, आणि इब्ने मसऊद (रजि.) यांच्या कथनात त्याला एक जोड आहे, की तो उपाय कोणाला माहीत असतो, कोणाला नसतो. डॉक्टरांना कारण सापडले नाही, ही त्या न कळण्यातलीच एक गोष्ट होती. तिच्यात ना त्यांचा दोष, ना मुलाचा.

यानंतरही मन म्हणत राहते, की जर मी असे केले असते तर. सहीह मुस्लिममध्ये अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये याच 'जर'विषयी सावध केले आहे. जे लाभदायक आहे त्याचा ध्यास घ्यावा, अल्लाहची मदत मागावी, हतबल होऊ नये. आणि काही घडून गेले तर 'जर' म्हणू नये, अल्लाहने ठरविले आणि जे इच्छिले ते केले, असे म्हणावे, कारण 'जर' हा शब्द सैतानाच्या कामाला दार उघडून देतो. या हदीसचा क्रम लक्षात घ्यावा. प्रयत्न आधी आहे, तकदीरीचा स्वीकार नंतर. आजारी जीव समोर असताना तकदीर म्हणून बसून राहणे आणि तो गेल्यावर महिनोन्महिने 'जर'च्या गिरणीत स्वतःला दळत राहणे, दोन्ही उलटे आहे. खरी चूक झाली असेल तर तौबा करावी आणि पुढे काळजी घ्यावी. चूक झालीच नसेल तर न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगण्याचा हट्ट का?

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. दुआ ऐकली नाही का, या प्रश्नाला घाईने उत्तर देणाऱ्यांची मला भीती वाटते. मी मुलाला विचारले, की प्रेषितांची दुआ अल्लाह ऐकत असे की नाही? तो म्हणाला, ऐकत असे. मग मी त्याला सांगितले, की प्रेषितांना सात अपत्ये झाली. त्यांपैकी सहा त्यांच्या हयातीतच अल्लाहला प्यारी झाली. कासिम, अब्दुल्लाह, इब्राहीम, जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम. मागे राहिल्या त्या केवळ फातिमा (रजि.). मुलगा बोटांवर नावे मोजत होता. मुसनद अहमदमध्ये अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेल्या कथनाचा आशय असा, की पाप किंवा नाते तोडणे यांची मागणी नसलेली श्रद्धावंताची दुआ वाया जात नाही. मागितलेले येथेच मिळते, किंवा ते आखिरतसाठी राखून ठेवले जाते, किंवा तितक्याच तोलाचे एखादे संकट टाळले जाते. यांतील कोणते त्याच्या वाट्याला आले, हे मला सांगता येणार नव्हते आणि तसे मी त्याला सांगितलेही. सूरह अल-अनआममध्ये (6:59) आले आहे की झाडाचे एक पानदेखील त्याच्या ज्ञानाबाहेर गळत नाही. पाखरू कशाने मेले हे आपल्याला ठाऊक नाही. ज्याने त्याला घडविले त्याला ते ठाऊक आहे.

तिसऱ्या प्रश्नाबाबत तेवढेच बोलावे जेवढे सांगितले गेले आहे. त्याच सूरहमध्ये (6:38) पृथ्वीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि ते आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असे म्हटले आहे. बिनशिंगाच्या बकरीलाही त्या दिवशी शिंगाच्या बकरीकडून न्याय मिळेल, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे ते पाखरू अल्लाहच्या हिशेबातून हरवलेले नाही. त्यापुढे जन्नतच्या रहिवाशांना मन जे इच्छील ते मिळेल, हे वचन कुरआनात आहे (43:71). मुलाला एवढे पुरले. त्याने लगेच विचारले, की मग मी मोठा झाल्यावरही हे मागायचे आठवेल का?

उम्मे सुलैम (रजि.) यांच्या घराची एक गोष्ट अजून सांगायची आहे. पुढे या दांपत्याचा एक बालक आजारी पडला. इब्ने हिब्बान यांच्या कथनानुसार तो हाच, पाखरासाठी उदास झालेला अबू उमैर. अबू तलहा (रजि.) यांचा त्याच्यावर अतिशय जीव होता. ते घराबाहेर असताना बालकाने प्राण सोडला. उम्मे सुलैम (रजि.) यांनी घरच्यांना सांगितले की ही बातमी त्यांना मीच देईन, तोवर कोणी बोलू नये. पती परतले आणि त्यांनी मुलाची चौकशी केली, तेव्हा तो पूर्वीपेक्षा शांत आहे, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना जेवू घातले, रात्र सरू दिली. नंतर त्यांनी विचारले, की एखाद्याने कोणाकडे एखादी वस्तू उसनी ठेवली आणि ती परत मागितली, तर ती अडवून ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे का? पती म्हणाले, नाही. मग आपल्या मुलाच्या बाबतीत सब्र करा, असे त्या म्हणाल्या. अबू तलहा (रजि.) प्रथम रागावले, हेही कथनात आहे, सहाबा दगडाचे नव्हते. ते प्रेषितांकडे गेले आणि घडलेले सर्व सांगितले. प्रेषितांनी त्या दोघांसाठी बरकतीची दुआ केली. पुढे त्यांना अब्दुल्लाह हा पुत्र झाला. प्रेषितांनी खजूर चावून त्याच्या टाळूला लावला आणि त्याचे नाव ठेवले. त्या अब्दुल्लाह यांच्या मुलांपैकी नऊ जण कुरआनचे पठण करणारे झाले.

या घरात प्रेषितांनी एका पाखराची विचारपूस केली होती, हे उम्मे सुलैम (रजि.) यांनी पाहिले होते. त्यांच्या सब्रचे मूळ तेवढ्यातच होते, असे मी म्हणणार नाही, त्यांचा ईमान त्याहून जुना आणि भक्कम होता, अबू तलहा (रजि.) यांच्याकडून महर म्हणून त्यांनी इस्लामचाच स्वीकार मागितला होता. परंतु ज्या घरात लहान दुःखालाही जागा मिळते, तेथे मोठे दुःख आले तरी माणसे एकमेकांशी बोलू शकतात, एवढे मी माझ्या परिसरातील घरांत पाहिले आहे.

निघताना वडिलांनी विचारले, की पक्षी त्यांनी सकाळीच कचऱ्यात टाकला होता, ते चुकले का? जनावराला कफन नाही, जनाजा नाही, हे खरे. तरी मुलाच्या देखत त्याला कचऱ्यात न टाकता मातीत पुरणे अधिक बरे, असे मी सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. उरलेल्या एका पक्ष्याविषयीही ते विचारत होते. पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा, घरात लोबान जाळताना तो दुसऱ्या खोलीत न्यावा, कारण पक्ष्यांना धूर सोसत नाही, आणि डॉक्टरांना एकदा दाखवून आणावे, असे ठरले. दाणापाणी मुलानेच द्यायचे. "आणि कापड?" मुलाने विचारले. कापड अब्बांनी टाकायचे, असे वडीलच म्हणाले.